वनौषधी, जंतुदोष आणि देवनारचा श्वास

'जंतुदोष रक्तात पसरला आहे. आता फुप्फुसांत पाणी उतरू लागले आहे.' सार्वजनिक रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टर ही दोन वाक्ये सांगतात, तेव्हा त्यांतील प्रत्येक शब्द कळूनही अर्थ मात्र नीट उमगत नाही. आजार तर पायाच्या जखमेचा होता, मूत्रमार्गाचा होता, बाळंतपणानंतरच्या तापाचा होता. मग श्वास का कोंडला, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर असतो. तो उच्चारला जाण्यापूर्वी बहुधा दुसराच प्रश्न पुढे येतो: 'आपल्यातले काही देऊन पाहिले तर चालेल का? गुळवेलीचा काढा, हळद, तुळस?' या दुसऱ्या प्रश्नाला आपल्याकडे दोनच उत्तरे मिळतात. एक कपाळावर आठी घालून दिलेला नकार, आणि दुसरे डोळे मिटून दिलेला होकार. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांनी त्या प्रश्नाचा पुरेसा विचार केलेला नसतो, आणि म्हणूनच त्याचा थोडा शांतपणे विचार करणे आवश्यक झाले आहे.

सेप्सिस म्हणजे केवळ रक्तात जंतू शिरणे नव्हे. जंतूंचा प्रतिकार करण्यासाठी शरीराने उभी केलेली फौजच जेव्हा बेभान होऊन स्वतःच्या मुलखाची धूळधाण करू लागते, तेव्हा त्या अवस्थेला वैद्यक सेप्सिस म्हणते. २०१६ साली जागतिक तज्ज्ञांनी केलेल्या व्याख्येत भर आहे तो नेमका याच गोष्टीवर. या धुमश्चक्रीत बहुधा पहिला बळी जातो तो फुप्फुसांचा. फुप्फुसांतील लक्षावधी वायुकोशांभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि हवा व रक्त यांच्यामध्ये पडदा असतो तो अत्यंत तलम. दाह भडकला की या वाहिन्यांच्या अस्तराचे सांधे सुटतात, रक्तातील द्रव वायुकोशांत झिरपतो, आणि भरल्या घरात रुग्ण अक्षरशः बुडू लागतो. १९६७ साली अमेरिकेतील डेन्व्हरच्या डॉक्टरांनी अशा १२ रुग्णांचे वर्णन 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रथम केले. त्याला अर्धशतक उलटून गेले. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यांतील सुमारे १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला आहे. जगातील दर पाच मृत्यूंपैकी एकाशी ज्याचा संबंध आहे, त्या आजाराचे नावही सुशिक्षितांपैकी अनेकांना ठाऊक नसावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

देवनारसारख्या वस्तीला तर हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. १९२७ पासून मुंबईने आपला कचरा जेथे नेऊन टाकला, त्या डोंगराच्या पायथ्याशी ही माणसे राहतात. २०१६ च्या जानेवारीत त्या कचऱ्याला लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर रेंगाळला, तेव्हा उर्वरित मुंबईला देवनारची आठवण झाली. देवनारला मात्र धुराची आठवण करून द्यावी लागत नाही. महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात 'एम पूर्व' विभाग शहरातील सर्व विभागांच्या तळाशी होता. २०२२ च्या शेवटी गोवंडी परिसरात गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली. गोवरानंतर येणारा न्यूमोनिया, आणि त्यातून उद्भवणारा सेप्सिस, हीच कुपोषित मुलांच्या मृत्यूची नेहमीची वाट असते. याच देवनारात १९५४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था आहे, लोकसंख्येचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे, आणि शेजारीच तुर्भ्याला अणुसंशोधन केंद्र आहे. विद्येची एवढी मांदियाळी आणि श्वासाची एवढी टंचाई एका पिनकोडाच्या आसपास क्वचितच आढळेल.

औषध का सापडत नाही?

आता उपचारांकडे वळू. सेप्सिसमुळे निकामी होऊ लागलेल्या फुप्फुसांना बरे करणारे खास औषध आजही वैद्यकाजवळ नाही. प्रतिजैविके जंतूंना मारतात. पण पेटलेला वणवा विझवण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नसते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे प्राण वाचले, ते प्रामुख्याने काळजीपूर्वक शुश्रूषेमुळे. कृत्रिम श्वसनयंत्राने मोठमोठे श्वास देण्याऐवजी लहान श्वास द्यावेत, एवढ्या साध्या बदलाने मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले, हे २००० साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले. रुग्णाला दिवसातील बराच काळ पालथे निजवल्याने गंभीर रुग्णांचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे २०१३ साली फ्रान्समधील चाचणीने सिद्ध केले. याउलट मोठा गाजावाजा करून आणलेली औषधे एकामागून एक निकामी ठरली. २००१ साली मान्यता मिळालेले 'झायग्रिस' हे अत्यंत महागडे औषध दहा वर्षांनी, २०११ मध्ये, त्याच्या उत्पादकांनाच बाजारातून मागे घ्यावे लागले. कारण नव्या चाचणीत ते देऊन आणि न देऊन फरक काहीच दिसला नाही.

या अपयशांमागे एक कारण असे सांगितले जाते की ही औषधे दाहाच्या साखळीतील एकेकच कडी पकडू पाहत होती. वणव्यातले एक झाड विझवून रान वाचत नाही. वनस्पतींतील द्रव्यांकडे संशोधकांचे लक्ष वळले ते याच विचाराने. हळदीतील कर्क्युमिन, दारुहळदीतील बर्बेरीन, कोकणात ओले किराईत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कालमेघातील अँड्रोग्राफोलाइड, द्राक्षांच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉल या द्रव्यांचा परिणाम एकाच वेळी दाहाच्या अनेक कड्यांवर होतो, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. पेशीच्या केंद्रकात जाऊन दाहाची जनुके जागी करणारा जो एक प्रमुख संदेशवाहक रेणू आहे, त्याची वाट कालमेघातील द्रव्य अडवते, एवढी नेमकी माहितीही आज उपलब्ध आहे. म्हणजे 'आपल्यातले काही' हा नातेवाइकांचा प्रश्न अडाण्याचा नाही. जगातील अनेक प्रयोगशाळा आज तोच प्रश्न विचारीत आहेत.

मुंबईचा वारसा

किंबहुना, हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने विचारण्याची परंपरा मुंबईचीच आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. सर्पगंधेचा उपयोग आपल्या वैद्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होता. परंतु १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील तिच्या परिणामांची काटेकोर नोंद ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे जगाचे डोळे उघडले. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले. पुढे त्याच औषधाने काही रुग्णांना खिन्नता येते हेही नोंदले गेले. औषधाचा गुण आणि दोष दोन्ही वहीत उतरले, म्हणूनच ते औषध ठरले.

दुसरे उदाहरण मुलुंडचे. तेथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात तुळशीच्या कुळातील कोलियस या वनस्पतीच्या मुळांतून फोर्सकोलिन हे द्रव्य मिळाले. पेशींमधील एका मूलभूत संदेशव्यवस्थेला थेट चालना देणारे हे द्रव्य आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते, आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराची गळती कशी थांबते, याचा अभ्यास करणारेही ते हाताशी ठेवतात. गोरेगावचे सिबा आणि मुलुंडचे हेक्स्ट ही दोन्ही संशोधन केंद्रे त्या नावांनी आज उरलेली नाहीत. पण उपनगरांत कारखान्यांच्या भोंग्यांबरोबर अशीही साधना चालत असे, हे नव्या पिढीला माहीत असावयास हवे.

सेप्सिसच्या बाबतीत सर्वांत बोलका दाखला आहे तो परळच्या के. ई. एम. रुग्णालयाचा. औषधशास्त्राच्या प्राध्यापक आणि मराठी वाचकांना झाडाफुलांवरील ललित लेखनामुळे परिचित असलेल्या डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे गुळवेलीचा पद्धतशीर अभ्यास केला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात उंदरांच्या पोटात जंतू सोडले असता उपचार न दिलेले सर्व उंदीर मेले. आधी गुळवेल दिलेल्या उंदरांत हेच प्रमाण सुमारे १८ टक्के होते, आणि जेन्टामायसिन हे प्रतिजैविक दिलेल्या उंदरांत ११ टक्के. विशेष म्हणजे काचपात्रात गुळवेल जंतूंना मारीत नव्हती. शरीरातील पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची आणि मारण्याची शक्ती तिने वाढविली होती.

याहून महत्त्वाची ठरली ती पुढली पायरी. पित्तमार्ग बंद झाल्याने कावीळ झालेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया केली की त्यांना सेप्सिस गाठतो, हा शल्यविशारदांचा कटू अनुभव होता. कारण अशा काविळीत प्रतिकारशक्ती खचलेली असते. शल्यविशारद डॉ. रवी बापट यांच्या सहभागाने झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ३० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. दोन्ही गटांना नेहमीचे सर्व उपचार मिळाले. एका गटाला त्यांच्या जोडीला गुळवेलही दिली गेली. गुळवेल न मिळालेल्यांपैकी निम्म्यांना सेप्सिस झाला. गुळवेल मिळालेल्यांपैकी एकालाही झाला नाही. शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के आणि दुसऱ्या गटात ९२ टक्के होते.

हे आकडे वाचून ऊर भरून येणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांचा अर्थ नेमका किती, हे पाहणे त्याहून आवश्यक आहे. रुग्ण ३० च होते. औषध दिले गेले ते सेप्सिस होण्यापूर्वी, तोंडावाटे, शस्त्रक्रियेची वाट पाहण्याच्या काळात. त्यांची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली होती. ज्याची फुप्फुसे दाहाने भरून गेली आहेत आणि ज्याच्या नाकातोंडात नळ्या आहेत, अशा रुग्णाविषयी हा अभ्यास काहीच सांगत नाही. सांगण्याचा त्याचा दावाही नव्हता. खरे म्हणजे अशा निष्कर्षानंतर देशातील दहा-वीस रुग्णालयांनी एकत्र येऊन शेकडो रुग्णांवर हीच चाचणी करून पाहावयास हवी होती. तीस रुग्णांच्या आशादायक कामगिरीला तीन हजार रुग्णांच्या कसोटीवर घासून पाहणारी यंत्रणा आपण उभारली नाही, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नाही.

याच शहराच्या परिसरात अलीकडे आणखी एक प्रयत्न सुरू आहे. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संशोधन संस्थेत डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांचे सहकारी असे प्रतिपादन करतात की मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडणारे गुणसूत्रांचे सूक्ष्म तुकडे निरोगी पेशींत शिरून दाह भडकवतात, आणि सेप्सिसचे हे एक मूळ आहे. द्राक्षांत सापडणारे रेस्व्हेराट्रॉल आणि अत्यल्प तांबे एकत्र दिले असता हे तुकडे नष्ट होतात. उंदरांवरील त्यांचे सेप्सिसविषयक निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मुंबईच्या नायर रुग्णालयात कोविडने फुप्फुसे ग्रासलेल्या ३० रुग्णांना हे मिश्रण देण्यात आले आणि त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या रुग्णांच्या जवळजवळ निम्मे दिसले. परंतु हे रुग्ण चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. तेव्हा फरक औषधाचा की निवडीचा, हे ठरवता येत नाही. कल्पना नवी आहे, द्रव्ये स्वस्त आहेत, आणि म्हणूनच तिची कठोर परीक्षा व्हावयास हवी. २०२४ च्या आरंभी मात्र याच मिश्रणाची शंभर रुपयांची गोळी कर्करोग परत येऊ देणार नाही अशा बातम्या झळकल्या आणि अनेक कर्करोगतज्ज्ञांना सबुरीचा सल्ला द्यावा लागला. परीक्षेचा निकाल लागण्यापूर्वी पेढे वाटण्याची आपली सवय विज्ञानाच्या दारातही सुटत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

चीनने काय केले?

शेजारी देशाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. चीनमध्ये पाच वनस्पतींपासून केलेले 'शुएबीजिंग' नावाचे इंजेक्शन २००४ पासून सेप्सिसच्या रुग्णांना दिले जाते. ते केवळ परंपरेच्या आधारावर चालू ठेवून तेथील डॉक्टर स्वस्थ बसू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. ४५ रुग्णालयांतील १,८१७ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करण्यात आली; निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना औषधासारखे दिसणारे पण निर्गुण द्रव देण्यात आले. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू एका बाजूला १८.८ टक्के आणि दुसऱ्या बाजूला २६.१ टक्के. इतर देशांतील रुग्णांवर हाच अनुभव यावयाचा आहे, आणि तो येईपर्यंत जगाने हात राखून राहणे योग्यच. परंतु प्रश्न विचारण्याची रीत तर हीच.

या पाच वनस्पतींपैकी एक आहे करडईचे फूल, हे कळल्यावर मराठी वाचकाला नवल वाटेल. सोलापूर-परभणीकडे ज्या करडईचे आपण तेल काढतो आणि कोवळ्या पाल्याची भाजी करतो, तिच्या पाकळ्या चीनमध्ये औषधाच्या कोठीत जातात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांची करडई तयार केली आणि तिच्या पाकळ्यांच्या चहाचाही पुरस्कार केला. मूळ माल आपल्या शिवारात आहे, शेतीचे ज्ञान आपल्याजवळ आहे, रुग्ण तर आहेतच. उणीव आहे ती या तिघांना एका धाग्यात ओवणाऱ्या शिस्तीची. मलेरियाच्या बाबतीत चीनच्या तू योयो यांनी जुन्या ग्रंथातील नोंदीवरून शोधलेल्या आर्टेमिसिनिनने हेच केले. त्यापासून बनविलेल्या आर्टेसुनेटने गंभीर मलेरियातील मृत्यू २२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर येतात, हे २००५ साली भारतासह चार देशांतील चाचणीने दाखविले, आणि आज गंभीर मलेरियाचा रुग्ण आला की हेच इंजेक्शन प्रथम दिले जाते. वनस्पतीचे नाव मागे पडले, गुण उरला. आणि त्यात वनस्पतीचा काही अपमान झाला असे कोणी म्हणत नाही.

उंदीर आणि माणूस

आता आशेच्या दुसऱ्या बाजूकडेही पाहिले पाहिजे. वनस्पतिज द्रव्यांनी सेप्सिसग्रस्त फुप्फुसे सुधारल्याचे जे शेकडो निबंध प्रसिद्ध होतात, त्यांतील बहुसंख्य उंदरांवरचे असतात. तेथे उंदीर तरुण आणि धडधाकट असतो. औषध त्याला बहुधा विष टोचण्यापूर्वी किंवा लगेच नंतर दिले जाते. देवनारचा रुग्ण साठीचा असतो, मधुमेही असतो, क्षयातून उठलेला असतो, आणि रुग्णालयात येतो तो तिसऱ्या दिवशी. शिवाय जंतूंचे जे विष माणसाला अत्यल्प मात्रेत कोसळवते, ते उंदीर कित्येक पटींनी सहन करतो. उंदराची फुप्फुसे वाचली म्हणून माणसाची वाचतील, असे गणित मांडता येत नाही.

दुसरी अडचण मात्रेची. काचपात्रातील पेशींवर चमत्कार करणारे कर्क्युमिन पोटात गेल्यावर रक्तात फारसे पोहोचतच नाही. मिऱ्यातील पायपरीन सोबत दिले तर ते वीस पट अधिक शोषले जाते, हे १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखविले. पण तेच पायपरीन इतर औषधांचेही प्रमाण वाढवते, आणि अतिदक्षता विभागातील रुग्णाला एकाच वेळी दहा औषधे चालू असतात. हळदीवर हजारो निबंध लिहिले गेले. त्यांचा २०१७ साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी घेतलेला आढावा असे सांगतो की दोन्ही बाजूंना अंधारात ठेवून केलेल्या एकाही चाचणीत कर्क्युमिन निर्विवाद यशस्वी ठरलेले नाही. १९९७ साली हळदीचे अमेरिकन पेटंट भारताने रद्द करविले, याचा अभिमान सर्वांनाच आहे. तो अभिमान हळदीवरील हक्काचा होता. तिच्या गुणांचा दाखला त्यातून मिळत नाही, हा भेद आपण सोयीस्करपणे विसरलो.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' हा शब्द आपल्याकडे आशीर्वादासारखा वापरला जातो. सेप्सिसमध्ये मात्र काही रुग्णांत हीच शक्ती बेफाम झालेली असते, तर काहींत ती पार गळून गेलेली असते. किंबहुना एकाच रुग्णात आज एक आणि आठवड्याने दुसरी अवस्था असू शकते. के. ई. एम.च्या काविळीच्या रुग्णांत पेशींना बळ देणे हितकारक होते. दाहाने फुप्फुसे भरत असलेल्या रुग्णात तेच बळ घातक ठरू शकते. औषध कोणते, याच्याइतकाच ते केव्हा आणि कोणाला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

कोविडच्या काळात याचा प्रत्यय आला. घराघरांतून गुळवेल उकळली जाऊ लागली. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांचा अहवाल आला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी असे सुचविले. हा वाद कोणत्याही बाजूने सुटला, तरी एक निष्कर्ष अटळ आहे. बाजारात गुळवेल म्हणून मिळणारी वस्तू खरोखरच गुळवेल आहे का, तिच्यात किती द्रव्य आहे, आणि ती कोणी घेऊ नये, हे सांगण्याची खात्रीशीर व्यवस्था नसताना तिला निर्धोक म्हणणे हा निष्काळजीपणा आहे.

काय करावयास हवे?

यातून पुढची वाट काय? परंपरा अशास्त्रीय म्हणून झिडकारणे सोपे आहे, आणि ती प्राचीन म्हणून डोक्यावर घेणे त्याहूनही सोपे आहे. कठीण आहे ते तिला प्रश्न विचारणे. वकील, डहाणूकर यांनी ते कठीण काम केले. त्यांच्यानंतर ते पुढे नेण्यासाठी कायद्याची चौकटही आज उपलब्ध आहे. २०१५ च्या अधिसूचनेने वनस्पतींच्या प्रमाणित अर्कांना आधुनिक औषधांप्रमाणेच चाचणी देऊन मान्यता मिळवण्याचा मार्ग खुला केला आहे. प्रत्येक औषध-चाचणीची आगाऊ नोंदणी २००९ पासून बंधनकारक आहे. तेव्हा उणीव नियमांची नाही. पैसा, चिकाटी आणि रुग्णालयांचे सहकार्य यांची आहे. मोठ्या चाचणीतून खासगी कंपनीला नफा दिसत नसेल, कारण गुळवेलीची मक्तेदारी कोणालाच मिळावयाची नाही, तर तो खर्च सरकारने उचलला पाहिजे. शिवाय निष्फळ ठरलेल्या चाचण्याही तितक्याच प्रामाणिकपणे प्रसिद्ध झाल्या पाहिजेत.

अशा चाचण्या परळपुरत्या मर्यादित राहू नयेत. गोवंडीचे शताब्दी, घाटकोपरचे राजावाडी यांसारखी उपनगरी पालिका रुग्णालये त्यांत सहभागी झाली, तर तेथे नोंदी नीट ठेवल्या जातील, तपासणीच्या सोयी येतील आणि त्याचा लाभ चाचणीत नसलेल्या रुग्णांनाही होईल. मात्र येथे एक धोका स्पष्टपणे सांगितला पाहिजे. गरीब वस्ती ही प्रयोगासाठी स्वस्त माणसे पुरवणारी वखार नव्हे. संमतिपत्र मराठी, हिंदी, उर्दूत वाचून दाखविले गेले पाहिजे. नकार देणाऱ्याच्या उपचारांत कसूर होता कामा नये. इजा झाली तर २०१९ च्या नियमांनुसार भरपाई मिळाली पाहिजे. आणि औषध यशस्वी ठरले तर ते त्याच वस्तीच्या दवाखान्यात परवडणाऱ्या दराने उपलब्ध झाले पाहिजे. समाजविज्ञानाची संस्था हाकेच्या अंतरावर आहे. या अटी पाळल्या जातात की नाही, हे पाहण्याचे काम तिच्याइतके समर्थपणे आणखी कोण करू शकेल?

परंतु उद्याच्या औषधाची वाट पाहताना आजच्या उपायांचा विसर पडता कामा नये. सेप्सिसमध्ये पहिले काही तास निर्णायक असतात. योग्य प्रतिजैविक, शिरेतून द्रव आणि प्राणवायू वेळेवर मिळाला, तर फुप्फुसांपर्यंत वणवा पोहोचण्यापूर्वीच तो आटोक्यात येऊ शकतो. तापाबरोबर श्वास जलद चालणे, बोलण्यात असंबद्धता येणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली की काढ्याचे पातेले बाजूला ठेवून रुग्णालय गाठले पाहिजे, एवढे ज्ञान प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक कचेरीत पोहोचवणे अशक्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या ठरावात सदस्य राष्ट्रांकडून हीच जागृती अपेक्षिली आहे. त्याहीपूर्वीचे उपाय आहेत ते गोवराची लस, पोटभर अन्न, स्वच्छ पाणी आणि धुरावाचून हवा. हे उपाय कोणत्याही वेलीतून काढावे लागत नाहीत, त्यांसाठी उंदरांवर प्रयोग करावे लागत नाहीत, आणि त्यांच्या गुणांविषयी कोणाला शंकाही नाही.

गुळवेल निंबाच्या आधाराने चढते. तिला आधार मिळाला नाही तर ती जमिनीवरच पसरून राहते. आपल्या औषधी ज्ञानाला आधार हवा आहे तो काटेकोर चाचणीचा, आणि देवनारच्या रुग्णाला आधार हवा आहे तो वेळेवर मिळणाऱ्या खाटेचा. एकाचे निमित्त करून दुसऱ्याची टाळाटाळ होऊ नये. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावरून विचारलेल्या त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर आज इतकेच आहे: 'कदाचित, पण ते आम्ही अजून तपासलेले नाही.' हे उत्तर पुढच्या पिढीलाही द्यावे लागू नये, एवढी जबाबदारी तरी या शहराने आता स्वीकारावयास हवी.